वाट्याला आलेलं वळण

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला सकाळ लवकर सुरू होते. उजाडायच्या आतच महामार्गावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीची माणसं उतरतात. मुलींच्या वेणीत मल्लीची ताजी फुलं असतात, मुलांच्या गळ्यात ओळखपत्र. समोरून नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर शहराकडे, बंदराकडे निघालेले असतात. इथल्या ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ पासून गाड्या बाहेर पडताहेत. मागोमाग सुटे भाग करणारे कारखाने आले. त्यातल्याच एकात यजमानांना नोकरी लागली आणि आम्ही इथले झालो.

हा महामार्ग माझ्या माहेरचाही आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीहून निघतो, मुंबई, पुणे, सातारा करत कराडला येतो, तिथून कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू आणि शेवटी चेन्नई. लहानपणी कराडच्या नाक्यावर उभं राहून आम्ही ट्रक मोजायचो. तोच रस्ता आज माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. नवीन गावात रुळायला याची मला फार मदत झाली.

कारखान्यांच्या गर्दीत इथे आणखी एक रस्ता आहे. तो कुठेच जात नाही. पावणेचार किलोमीटरला जरा कमी भरेल इतका लांब, बारा वळणांचा. निघतो तिथेच परत येतो. मद्रास मोटर रेस ट्रॅक, आताचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तो बांधला आणि १९९० मध्ये तो खुला झाला. त्याआधी शहराच्या उत्तरेला शोळावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. आता मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या राष्ट्रीय शर्यती इथे होतात. वारा आमच्या दिशेनं असला की इंजिनांचा आवाज गच्चीवर ऐकू येतो.

शर्यती असल्या की आदल्या रात्री माझा भाचा आमच्याकडे मुक्कामाला येतो. तो चेन्नईत संगणकशास्त्रात पीएच.डी. करतो. हॉस्टेलवरून पूनमल्लीला आणि तिथून बसनं आमच्याकडे. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, रुंद काठाची टोपी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. शर्यत बघायला येत नाही तो. तो तिथे मार्शल असतो. पहाटे उठून, पोहे खाऊन, उजाडता उजाडता तो ट्रॅकवर हजेरी लावतो आणि ऊन उतरल्यावर लालबुंद होऊन घरी येतो.

पहिल्यांदा तो असा परतला तेव्हा मी अगदी साहजिक प्रश्न विचारला होता. "काय रे, कोण जिंकलं?"

तो पाणी पीत होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "ते माहीत नाही गं मावशी. माझ्या वळणावरून सगळे नीट गेले."

त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मी मात्र त्या उत्तरापाशी बरेच दिवस रेंगाळले आहे.

मार्शलचं काम मी नंतर त्याच्याकडून समजून घेतलं. ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर चौक्या असतात. प्रत्येक चौकीवर दोन-तीन माणसं, झेंडे, वॉकीटॉकी, आग विझवायचं नळकांडं आणि झाडू. पुढे कुठे गाडी बंद पडली, घसरली, की पिवळा झेंडा. तो दिसला की वेग कमी करायचा आणि कोणी कोणाला मागे टाकायचं नाही. रस्ता मोकळा झाला की हिरवा. मागून जास्त वेगवान गाडी येत असेल तर पुढच्याला निळा, म्हणजे त्याला वाट दे. रस्त्यावर तेल सांडलं असेल तर पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा, जो आपल्याला सिनेमातून माहीत असतो, तो फक्त शेवटच्या रेषेवर असतो. वळणावरच्या माणसाच्या हाती तो कधीच येत नाही.

नियमही कडक असतात. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. मोबाईल बाहेर काढायचा नाही. ओळखीचा कोणी पुढे गेला तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत. आपल्या वळणाकडे बघायचं, आणि पुढच्या चौकीकडे. बस. दीड-दोन मिनिटांनी तीच गाडी पुन्हा येते. त्या वेळात वळण मोकळं असतं, तरी नजर तिथून हलवता येत नाही, कारण मागून दुसरी गाडी येतच असते.

माझे वडील उसाला पाणी द्यायचे तेव्हा रात्रभर दारं धरून उभे असायचे. लाईट रात्रीची यायची, म्हणून पाणीही रात्रीच. एका सरीत पाणी भरलं की ते दारं मोडायचं, दुसऱ्या सरीचं उघडायचं. सगळं शेत त्यांना दिसत नसे. कंदिलाच्या उजेडात जेवढी सरी दिसेल तेवढंच त्यांचं शेत. भाच्याचं बोलणं ऐकताना मला ते आठवले. निकाल एका ठिकाणी लागतो, शर्यत बारा ठिकाणी घडते.

त्याचा अभ्यास मला समजतो असं मी म्हणणार नाही. पण तो समजावून सांगतो आणि मी भाजी निवडता निवडता ऐकते. संगणकाला मराठी वाचायला शिकवणं, असं मोघम सांगता येईल. इंग्रजी शिकवायला इंटरनेटवर मजकुराचे डोंगर आहेत. मराठीचा ढीग त्यामानानं लहान. त्यामुळे आधी कोणालातरी बसून वाक्यं गोळा करावी लागतात, त्यांच्यावर हातानं खुणा कराव्या लागतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानं २०२२ साली मराठीतली २५,००० वाक्यं अशा खुणा करून सगळ्यांसाठी खुली केली. प्रत्येक वाक्यात व्यक्तीचं नाव कोणतं, गावाचं कोणतं, संस्थेचं कोणतं, तारीख, वेळ, माप, हुद्दा कोणता. पंचवीस हजार वाक्यं, माणसांनी एकेक वाचलेली. चेन्नईच्या आयआयटीत एआय-फॉर-भारत या गटानं २०२३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी भाषांतराची यंत्रणा तयार केली. तिच्या मुळाशीही माणसांनी निरखून तपासलेली वाक्यंच आहेत.

भाच्यानं एकदा मला अशाच खुणा करायला बसवलं. स्क्रीनवर वाक्य आलं, 'कृष्णा दुथडी भरून वाहते आहे.' मी लगेच 'स्थळ' अशी खूण केली. मी कराडची, मला कृष्णा कोणी सांगायला नको. पुढचं वाक्य, 'कृष्णा उद्या येणार आहे.' इथे हात थांबला. मुलगी असेल, मुलगा असेल. पण वरच्या धरणातून पाणी सोडलं असेल तर आमच्याकडे नदीबद्दलही असंच बोलतात. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आधीचं वाक्य बघ, नंतरचं बघ. तरी कळलं नाही तर तसं लिहून ठेव. अंदाज करू नकोस." मला वाटलं होतं, हे काम पटपट होण्यासारखं आहे. तासाभरात मान भरून आली, आणि झालेल्या वाक्यांचा आकडा त्याला सांगण्यासारखा नव्हता.

अभ्यासाव्यतिरिक्त तो रात्री स्वतःच्या आवडीचं काही ना काही लिहीत असतो. लिहितो म्हणजे कोड. त्यातलं एक मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण 'शेतकऱ्यांना' असं लिहितो. त्यात य च्या आधी एक छोटीशी वळणदार रेघ येते, अर्ध्या र ची. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत जो फरक आहे तो त्या रेघेचाच. एकात समुद्र, एकात सह्याद्री. ही रेघ संगणकात दोन पद्धतींनी उमटवता येते. एकीत खाली टिंब असलेला र वापरतात, त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे, आणि त्याला हलन्त देऊन य जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण, आणि मग य. पडद्यावर दोन्हींची आकृती अगदी एक. छापलं तरी एक. माणसाला फरक कळायचं काही कारणच नाही. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे कोणी जुन्या मजकुरात 'शेतकऱ्यांना' शोधलं तर एका पद्धतीनं लिहिलेले सापडतात आणि दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेले तसेच मागे राहतात.

त्यानं मला दोन्ही शब्द शेजारी शेजारी दाखवले. मी चष्मा लावला, काढला. काही फरक दिसेना. मग त्यानं एक बटण दाबलं आणि दोन्हींच्या खाली आकड्यांच्या ओळी उघडल्या. त्या वेगळ्या होत्या. एक लांब, एक आखूड.

त्यानं एक लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. कुठलाही मराठी मजकूर द्या, तो ही रेघ एकाच पद्धतीनं करून देतो. शिवाय अशाच आणखी काही न दिसणाऱ्या गोष्टी निस्तरतो. हे कोणी सांगितलेलं काम नाही. याचा पेपर होणार नाही. त्याच्या गाईडनं कदाचित कौतुक केलं असेल, कदाचित आपला धडा कुठवर आला असं विचारलं असेल. त्यानं तो सगळ्यांना वापरायला खुला ठेवला आहे आणि कोण वापरतं हे त्याला ठाऊक नसतं. ज्याला शेतकऱ्यांबद्दलची सगळी पानं सापडतील, त्यालाही मध्ये कोणी उभं होतं हे कळणार नाही.

आपण आज फोनवर सहज मराठी लिहितो त्यामागेही अशीच माणसं आहेत. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत काही विद्यार्थी आणि प्राध्यापक संगणकावर देवनागरी आणायच्या मागे लागले होते. त्यातले मोहन तांबे पुढे पुण्याला आले. १९८८ साली तिथे सी-डॅक ही संगणक संस्था सुरू झाली, आणि जिस्ट नावाचं कार्ड संगणकात बसवलं की पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागल्या. भारतीय लिप्यांसाठी अक्षरांची जी संकेतसारणी ठरली ती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ घरांची जागा मिळाली, आणि त्या घरांची मांडणी याच भारतीय सारणीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. त्याच वर्षी हेलसिंकीत लिनस तोरवाल्डस नावाचा विद्यार्थी केवळ छंद म्हणून लिनक्स लिहू लागला होता. आज जगातले बहुतेक मोठे संगणक त्यावर चालतात. हे सांगताना भाच्याचे डोळे चमकतात. मला मात्र जिस्टची गोष्ट जास्त जवळची वाटते. आमच्या शाळेच्या कार्यालयात पहिल्यांदा मराठीत छापलेला दाखला मी पाहिला होता. शिक्का ओला होता आणि अक्षरं संगणकाची. ती कुठून आली, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

माझी बहीण, म्हणजे त्याची आई, दर रविवारी फोन करते. तिचा प्रश्न ठरलेला. "त्याचं संपणार कधी गं?" तिची काळजी खरी आहे. त्याच्याबरोबरची मुलं पुण्यात, बेंगळुरूत स्थिरावली. कोणी फ्लॅट घेतला, कोणाचं लग्न ठरलं. हा अजून हॉस्टेलच्या मेसमध्ये सांबारभात खातो, आणि सुट्टीच्या दिवशी उन्हात झेंडा घेऊन उभा राहतो. तिला मी काय सांगावं? पीएच.डी.ला शेवटची रेषा असते, ती येईल. पण ती येईपर्यंतची वर्षं म्हणजे नुसतं थांबणं, असं तिला वाटतं. तो थांबलेला नाही, एवढं मला दिसतं. तो बघतो आहे.

बघणं हे काम आहे, हे आपण सहसा मानत नाही. बाळाजवळ बसलेल्या बाईला आपण म्हणतो, नुसती बसली आहे. दवाखान्यात रात्री जागणाऱ्याला म्हणतो, जरा पडा आता. हातांनी काहीतरी केल्याशिवाय आपल्याला केल्यासारखं वाटत नाही. आणि जे नीट पार पडलं त्याची बातमी कधी होत नाही.

गेल्या मोसमात त्याच्या वळणावर एका गाडीचं तेल सांडलं. गाडी पुढे निघून गेली, रस्त्यावर पातळ काळपट पट्टा राहिला. डांबर काळं, तेल काळं. उन्हात चकाकलं म्हणून दिसलं. त्यानं लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा उचलला, जोडीदारानं वॉकीटॉकीवर कळवलं. मागून तीन गाड्या येत होत्या. तिन्हींचा आवाज उतरला, वळण पार झालं, पुन्हा चढला. गाड्या थांबल्यावर या दोघांनी सिमेंटची भुकटी टाकून झाडलं. एवढंच. स्टँडमध्ये बसलेल्यांना त्या फेरीत काही घडलं असं वाटलंही नसेल.

हे सांगताना तो एक वाक्य बोलून गेला, ते मी जपून ठेवलं आहे. "आठवडाभर मी जे करतो ते बरोबर की चूक, हे सहा महिन्यांनी कळतं मावशी. तिथे झेंडा वर केला की लगेच गाडीचा आवाज बदलतो. मग सोमवारी परत सहा महिने थांबायची ताकद येते."

तेव्हा मला त्याच्या छंदाचा अर्थ लागला. छंद म्हणजे कामातून सुटका, अशी माझी समजूत होती. त्याच्याकडे बघून वाटतं, काम आणि छंद या दोन्हींत तो एकच गोष्ट करतो, फक्त घड्याळं वेगळी आहेत. एका ठिकाणी उत्तर क्षणात येतं, दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षं येत नाही. नजर तीच. वाक्यात कृष्णा नदी आहे की माणूस, हे ज्या नजरेनं बघायचं त्याच नजरेनं डांबरावरचं तेल बघायचं. क्षणात मिळणाऱ्या उत्तरावर तो उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट बघायला शिकला. मीही थोडं शिकते आहे. बहिणीच्या प्रश्नाला आता मी 'होईल गं' असं म्हणत नाही. तो या आठवड्यात काय करतो आहे ते सांगते. सुरुवातीला तिला कंटाळा यायचा. हल्ली ती 'शेतकऱ्यांना'बद्दल विचारते. तिच्या सोसायटीच्या जुन्या कागदांत नावं सापडत नव्हती, ती याच रेघेपायी का, असं तिनं परवा विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचार. दोघं मायलेक त्या रात्री बराच वेळ बोलत होती.

आमच्या घरातून रोज पहाटे कोणीतरी आपापल्या जागी उभं राहायला निघतं. यजमानांची जागा तपासणीच्या टेबलाशी, सुट्या भागांवर बोट फिरवायची. शेजारच्या सेल्वीची टोलनाक्याच्या खिडकीत. गाडी कुठून आली आणि कुठे जाणार हे त्यांना माहीत नसतं. माझ्यापुरतं सांगायचं तर डबा भरताना पोळी गरम असताना झाकण लावायचं नाही, नाहीतर दुपारी ती ओली होते. इतक्या वर्षांत मला एवढ्या एका वळणाची खात्री आहे.

पुढच्या शर्यतींना भाच्याला दुसरी चौकी देणार आहेत. कालच फोन आला होता. ते वळण त्यानं अजून उभं राहून पाहिलेलं नाही, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन तो बघून येणार आहे. तिथे सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं, असं जुन्या मार्शलांनी सांगितलं. काठाची टोपी पुरायची नाही. यजमानांचा जुना काळा चष्मा शोधून ठेव म्हणाला.